भाग दुसरा

मुकादम म्हणाला, पहिल्या भागाचं ऋण आहे आपल्यावर,
फेडून टाकू.
तर गेलो. दुपारची शिफ्ट संपवून, अंगाला क्लोरीनचा वास तसाच,
फुजैराच्या मॉलमध्ये, वरच्या मजल्यावर,
जिथं एसी इतका
की माणूस तिकिटाआधीच अंतराळात पोचतो.

आधी चांगलं सांगतो. नाहीतर मुकादम म्हणेल,
तुला लग्नाच्या जेवणातही मीठच कमी लागतं.

यान सुटतं तेव्हा आवाज नाही.
अख्खं थिएटर खुर्च्यांना धरून, आणि आवाज नाही.
मागचा पॉपकॉर्न चावणारा पोरगाही थांबला,
घास गालात ठेवून.
एवढी शांतता मी एकदाच ऐकलीय,
प्लांट ट्रिप झाला त्या रात्री:
सगळे पंप एकदम बंद,
आणि तेव्हा कळलं, अकरा वर्षं
आपण एका गुणगुणण्याच्या आत राहत होतो.
दिग्दर्शकाला हे माहीत आहे. मानलं.

डोंगरही छान. कोळशासारखे, संध्याकाळचे.
मुकादम कुजबुजला, मसाफीच्या रस्त्यावरचे आहेत, लाव पैज.
नव्हते. शेवटी भलत्याच देशाचे आभार आले.

आता बाकीचं.

मागच्या वेळी मेलेला कप्तान परत येतो.
का, तर म्हणे जुळा भाऊ.
बायको त्याला मिठी मारायला धावते, आणि पुढच्या क्षणी
दोघं वेगवेगळ्या खोल्यांत. सेन्सॉरची कात्री.
सगळे हसले. तेवढाच विनोद अडीच तासांत.
खलनायक आपला बेत सांगतो, नकाशासकट.
आमचा सेफ्टी ऑफिसरही एवढं समजावत नाही.

आणि पाणी.
नवा ग्रह, जिकडे तिकडे समुद्र, माणसं तहानेनं मरतायत.
इथं मी पुढे सरकून बसलो.
मग नायक एक दांडा ओढतो
आणि नळाला गोडं पाणी.
दांडा!
अरे, पासष्ट बार दाब लागतो त्याला.
मेम्ब्रेन लागतात, ती तुंबतात,
जेलीफिश येऊन बसतात जाळीवर, ओल्या गाद्यांसारख्या,
एखाद्या वर्षी समुद्रच लाल होतो आणि आठवडाभर कुजतो.
आणि उरलेलं दुप्पट खारं पाणी कुठं सोडलंस, सांग ना,
कुणाच्या मासळीच्या अंगावर?
हे मी मोठ्यानं बोललो असणार.
पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं.

पण.

एक माणूस आहे.
नायक बोगद्यातून धावतो ना, तेव्हा मागे, भिंतीशी,
हातात तेलकट फडकं,
कान पाइपला लावून उभा.
तीन सेकंद. ताणून चार.
हे कुणी त्याला शिकवलेलं नसणार:
डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं,
बेअरिंग जायला आलं की असंच ऐकतात.
पहिल्या भागातही होता. नऊ वर्षांपूर्वी.
तेव्हा मिशी काळी होती.
जग बुडालं, कप्तान मेला, उठला, सम्राट बदलला,
ह्याची ड्यूटी तीच.

म्हणून पाट्या संपेपर्यंत बसलो.
नावं वर सरकत राहिली, शेकड्यांनी,
विगवाले, गाड्यावाले, जेवण वाढणारे, कुत्री सांभाळणारे.
त्याचं सापडलं नाही. किंवा सापडलं, आणि मला कळलं नाही.
दिवे लागले. झाडू घेऊन टेकबहादुर थांबला होता
(बिल्ल्यावर वाचलं), म्हणाला,
बसा साहेब, अजून एक सीन आहे.
होता. मेलेल्या खलनायकाचं बोट हललं.
झालं, तिसऱ्याची सोय.

तू बघितलास का रे?
रोज बघतो, म्हणाला, शेवटची दहा मिनिटं. चांगला आहे.
आणि आमच्या पायांखालचं लोटू लागला.

बाहेर पडताक्षणी चष्मा दमटपणानं आंधळा.
पाचातले किती देशील? मुकादमनं विचारलं.
चार, म्हणालो.
मी सेकंद म्हणत होतो, त्याला वाटलं तारे;
किदफाच्या फाटकापर्यंत भांडत आला.