काट्यावरचा डबा

कुडचड्याला, फाटकापलीकडे, बावतीसच्या भंगारात
सतरा डबे पडले होते एकावर एक,
मिठाईच्या पुड्याएवढे. काळे.
"एकाक तीनशें. वायर ना.
चलता काय ना, देव जाणा."
एक उलटा करून पाहिला,
तर तळाच्या पांढऱ्या पट्टीवर माझंच अक्षर:
काटा क्रमांक दोन.

सावर्ड्याच्या जेटीवर अकरा वर्षं
मी याच्यासमोर बसलो होतो.
ट्रक चढायचा, लोखंड कण्हायचं,
मी मारायचो: नंबर, रिकामा, भरलेला, फरक.
चिठ्ठी फाडायची. पुढचा.
आणि मला वाटायचं, सगळं ह्या डब्यात जातं.

शेजारच्या एल्रॉयनं चार स्क्रू काढले आणि हसला.
"ह्यात काहीच नव्हतं, अंकल. ही नुसती खिडकी.
डोकं मडगावच्या ऑफिसात.
तुम्ही मारायचे, हा पाठवायचा."
म्हणून तर सर्व्हर गेला की हा बधिर व्हायचा,
रस्त्यावर ट्रकांची रांग, ड्रायव्हर माझी आई-बहीण काढतायत,
आणि मी ह्याच्या टाळक्यात चापट्या मारतोय.
बिचारा.
खाण बंद झाली तेव्हा
आम्हा दोघांच्याही पोटात साठवलेलं काही निघालं नाही.

धूळ मात्र होती.
जाळीच्या भोकाभोकात, चिपांच्या पायांशी,
तांबडी, तेलकट.
पंखा नाही ह्याला, तरी शिरली.
माझ्या कानांतून ती पुढे दोन पावसाळे निघत होती.
टायरवाल्या बसप्पाकडे नेऊन हवा मारली,
त्याचा नवा शर्ट रंगला, तो कानडीत काहीतरी बोलला.
बोललं ते बरोबरच असणार.

रॅम फुटक्या लॅपटॉपची, चार जीबी.
डिस्क च्युइंगगमच्या पट्टीएवढी, साडेआठशे, तेवढी नवी.
पिन वायफायच्या डब्याची, सैल, म्हणून रबरबँड.
टीव्ही सुलक्षा देईना,
तेव्हा शाळेनं टाकलेला चौकोनी मॉनिटर,
उजवीकडे एक हिरवी रेघ कायमची.
आणि सुरू करतो तर कंपनीचा पासवर्ड!
एल्रॉयनं बटणाएवढा सेल उपसला.
"पाच मिनिटं थांबा. विसरेल."
चहा घेता घेता मी म्हटलं,
विसरायला त्याच्याकडे होतं तरी काय?
"कुलूप," तो म्हणाला.

मग पेनड्राइव्ह. लिनक्स. फुकट.
पट्टी सरकत होती गाभण म्हशीसारखी.
मध्येच यंत्रानं विचारलं, नाव?
कंपनीत आम्ही दोघंही युजर शून्य दोन होतो.
मी लिहिलं, उमाकांत.
पासवर्डाच्या वेळी एल्रॉयनं तोंड फिरवलं.
शहाणं पोर.

आवाज नाही. मला वाटलं, मेला.
पाठीवर हात ठेवला. कोमट.

एल्रॉय गेल्यावर कोरं पान उघडलं
आणि बोटं आपली आपण चालली:
जीए शून्य नऊ, पुढे पुतू गावकराच्या ट्रकाचा नंबर.
तो ट्रक आता त्याच्या कुळागरात उभा आहे,
मिरवेल टपावर चढलीय.
रिकामा नऊ हजार सातशे.
भरलेला एकोणीस हजार नऊशे.
जपून ठेवू? असं त्यानं विचारलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
हो म्हटलं,
आणि वीज गेली.
कुडचड्याची वीज, ती काय सांगून जाते?

वीस मिनिटं अंधारात बसलो, डास मारत.
आली. पासवर्ड दोनदा चुकला.
पान उघडलं. होतं.
फरक दहा हजार दोनशे.

आतून सुलक्षा म्हणाली,
झालं ना? मग माझ्या मसाल्याच्या उधाऱ्या मांड त्यात.
मांडतो.
जरा बघू दे आधी.