कडं की पट्टा

कयानीच्या दुकानात, स्कीच्या काठ्यांमागे,
काचेखाली दोन्ही शेजारी शेजारी:
मनगटातलं कडं, पावलं मोजणारं,
आणि छातीचा पट्टा, ठोके मोजणारा.
बाहेर उणे एकोणीस. दुपारी तीनलाच
रस्त्यावरचे दिवे लागलेले.

पोराच्या बिल्ल्यावर नाव ओत्सो.
मिसरूड नुकतं फुटलेलं.
म्हणाला, कडं सोपं, हिल्काबाई. दहा हजार पावलं झाली
की मनगटावर थरथरतं, शाबासकी देतं.
झोपसुद्धा मोजतं.

मी म्हटलं, एकतीस वर्षं टपाल वाटलं मी,
दोनशे चौदा पेट्या,
हिवाळ्यात घसरगाडीला टाच मारत.
त्या पावलांची थकबाकी देणार का हे कडं?
तो हसला. मागचं धरत नाहीत, म्हणाला.
पेन्शनवालेही हेच म्हणाले होते.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर आकडा दिलाय, एकशे वीस.
त्याच्या वर जाऊ देऊ नका.
जसं काही ते कुत्रं आहे
आणि साखळी माझ्या हातात.

ताउनो गेला तेव्हा पळत नव्हता.
तळ्यावर, बर्फाला भोक पाडून,
उपड्या बादलीवर बसला होता, गळ पाण्यात.
त्याच्या मनगटात कडं असतं तर
दाखवलं असतं:
तळ्यापर्यंत सातशे पावलं.
परतीची नाहीत.

दोन्ही घालून बघा, ओत्सो म्हणाला.
पडद्याआड गेले. बरगड्यांखाली गार रबर.
आधी ओला करा, तो बाहेरून ओरडला,
नाहीतर त्याला ऐकू येत नाही.
तिथे पाणी कुठलं? जिभेनेच ओला केला,
पूर्वी तिकिटं चिकटवायचो तसा.

बहात्तर, घड्याळ म्हणालं.
बरं वाटलं. उगाचच.

बाहेर येऊन विचारलं, कुणाचा रे तू?
सोत्कामोच्या वाटेवर पिवळं घर होतं, म्हणाला,
तिथला. आता बंद असतं.

एकशे एकोणनव्वदावी पेटी.
फाटकाशी एक बाई उभी असायची,
एप्रनवर नवऱ्याचा कोट,
स्वीडनहून पत्र येईल म्हणून.
मी लांबूनच मान हलवायची
म्हणजे तिला दारापर्यंत परत जायला
वेळ मिळेल. नऊ हिवाळे.

सिरक्का, मी म्हटलं.
माझी आजी, तो म्हणाला.
आणि मग, काचेवरची धूळ पुसत, वर न बघता:
आलं का हो ते कधी?

मी जागची हलले नव्हते.
कड्यावर पावलं: चार. पडद्यापासून इथवरची.
घड्याळावर: अठ्ठ्याण्णव.

आलं होतं. एकदाच.
तिला पुरून पंधरा दिवस झाले होते.
घराला कुलूप, पेटीवर बर्फाची टोपी.
मी निळा शिक्का मारला, पत्त्यावर कुणी नाही,
आणि परत पाठवलं. नियम तसा होता.
नियम तसाच होता.

एकशे अकरा.

दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो,
चुलीवरच्या दुधाकडे बघतात तसे.
तो म्हणाला, बसता का जरा?
मी म्हटलं, नको. कडं काढून घे.
हा पट्टा राहू दे अंगावर, असाच नेते.

पैसे देताना उतरत होता. एकशे तीन. शहाण्णव.
माझ्यामागे एक बाई हातमोजे घेऊन उभी.
पाकिटामागे नाव होतं? त्याने विचारलं,
मशीनमधून पावती ओढता ओढता.
होतं.
एकतीस वर्षांत वाचलेली सगळी नावं विसरले मी,
तेवढं एक सोडून.

ते सांगितलं तेव्हा घड्याळाकडे पाहिलं नाही.
त्याने पाहिलं असेल.

पावती जपून ठेवा, वॉरंटीला लागते,
असं मघाशी तोच म्हणाला होता.
तिच्याच पाठीवर त्याने नाव लिहून घेतलं,
दोनदा अक्षरं विचारून,
आणि घडी करून खिशात घातली.