गळती

याकूबभाई साबणाचा फेस लावतात
प्रत्येक सांध्याला, गालाला लावावा तसा,
आणि थांबतात.
वारसिया रिंग रोड, दुपारचे अडीच, मे.
एक बुडबुडा फुगतो.
"जुओ बेन, इथून श्वास सोडतेय."

बासष्ट सालची फार्गो. अण्णांची बर्फाची गाडी.
प्रतापनगरच्या कारखान्यातून पहाटे चारला निघायची,
लादीवर लादी, भुसा, वर गोणपाट,
आणि त्या ढिगावर शनाभाई,
भर उन्हाळ्यात कानटोपी घालून.
पुढे केबिनमध्ये अण्णा उघडे, खांद्यावर पंचा,
पाय इंजिनाच्या भट्टीपाशी.
एका गाडीत दोन ऋतू,
मध्ये पत्रा आणि वहीएवढी काच.

चौऱ्याऐंशीला कुणा शेठची मोटार भंगारात निघाली,
तिचा एसी अण्णांनी उचलून आणला.
डॅशबोर्डखाली लटकलेला, गुडघ्याला लागणारा पेटारा.
कंप्रेसर धरायला दोन माणसं लागत,
तो चालू केला की गाडी एका गिअरने म्हातारी व्हायची.
पट्टा किंचाळायचा.
रेल्वेच्या पुलाचा चढ आला की अण्णा बंद करायचे,
उतारावर पुन्हा चालू.
आई म्हणायची, माझ्या वाटची थंडी उतारापुरतीच.

आता तो गॅसच मिळत नाही.
"बारा नंबर गेला बेन, एकशेचौतीस घाला."
म्हणजे तेल वेगळं, नळ्या वेगळ्या,
ओ-रिंगासुद्धा हिरव्या.
डायनामो उतरवून अल्टरनेटर.
कंप्रेसर मारुती व्हॅनचा, जेमतेम भोपळ्याएवढा,
कंडेन्सर जाळीच्या मागे, बाहेरून दिसणार नाही असा.
माझी अट एकच होती:
डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही.
याकूबभाई काही न बोलता बॅटरी मारतात.
तिथे अण्णांनीच पाडलेली सात भोकं.
एक उदबत्तीचं, एक टेबलफॅनचं,
बाकीची कशाची, मलाही सांगता येईना.
"तर मग वायर ह्यातूनच काढतो."

सीट उचलली तर खाली आकडा.
गंजलेला, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
चिंतन, त्यांच्याकडे शिकणारा पोरगा, विचारतो, मासे पकडायचा का?
लादी ओढायचा, मी म्हणते.
तो खाली सिमेंटच्या जमिनीकडे बघतो.
त्याच्या घरात लादी म्हणजे फरशी.

व्हॅक्यूम पंप पाऊण तास.
काटा शून्याखाली जाऊन बसला की
हलता कामा नये.
आम्ही तिघं त्याच्याकडे बघत चहा पितो.
थंडी भरायच्या आधी
आतली हवा सगळी काढावी लागते,
आणि हवेपेक्षा चिवट, ओल.
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.
काटा हलला नाही.

तरसालीला जाऊन शनाभाईला आणलं. अठ्ठ्याहत्तर वय.
सवयीने मागच्या फळीवर पाय ठेवून चढायला लागला.
पुढं बसा म्हटलं,
तर दाराची कडी वर ओढायची की खाली दाबायची
हे त्याला माहीत नव्हतं.
सत्तावीस वर्षं ह्याच गाडीवर.

मांडवीपर्यंत बोलला नाही.
जाळीसमोर तळवा धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा.
"ठंडक छे," म्हणाला, "पण बरफनी वास नथी."
मग वळून, बाहीने पुसून,
त्या वहीएवढ्या काचेतून
रिकाम्या हौद्याकडे बघत राहिला.
येताना पुलाच्या चढावर माझा हात आपोआप बटणाकडे गेला.
बंद करायचं काही कारण नव्हतं.
तरी केला.
उतारावर पुन्हा चालू.

गल्लीच्या तोंडाशी थांबलो, तर केबिनखालच्या नळीतून
टप, टप.
धुळीत रुपयाएवढा डाग, मग ताटलीएवढा.
शनाभाई उतरला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला,
थेंब बोटावर घेतला.
"गळते," म्हणाला, पहाटे चारच्या आवाजात,
"उभी काय राहिलीस, पोरी?
चल. अर्धी लादी वाटेतच जाईल."