उजेडासमोर धरून

निळ्या टोपणाच्या दोन नळ्या, सकाळी आठ वाजून दहा.
यांना फ्रीज दाखवायचा नाही, हलवायचं नाही,
तीन तासांच्या आत विचारून घ्यायचं
जे काही विचारायचं ते.
रक्त शिळं झालं की खोटं बोलतं.

नाव कारभारी सानप, वय एकोणसत्तर,
नाशिक रोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त.
तक्रार : बिटको चौक ते मुक्तिधाम
तीनदा थांबावं लागतं.
ओला पंचा पिळावा तशी पोटरी आवळते,
दोन मिनिटं उभं राहिलं की सोडते.

"पहिला थांबा भांड्यांचं दुकान," ते सांगतात,
"मग चष्मेवाला, मग उसाचा रस.
पोरीला वाटतं, बाबांना म्हातारपणी खरेदीचा नाद लागला.
कुकरचे भाव पाठ झालेत मला, बाई.
एकही घेतला नाही."

दंडाचा दाब एकशे चाळीस, घोट्याचा ब्याऐंशी.
गंगापूर धरण भरलेलं
आणि शेवटच्या गल्लीतल्या नळाला
करंगळीएवढी धार.

तीन महिने रोज एक गोळी.
रक्त पातळ करायची, म्हणतात सगळे.
पातळबितळ काही होत नाही,
प्लेटलेट्सनी एकमेकींचे हात धरू नयेत
एवढंच तिचं काम.
मी विचारायच्या आतच त्यांनी पिशवी उघडली :
नऊ रिकाम्या स्ट्रिपा, तारखेवार, रबर लावून,
वर चिठ्ठी : नव्वद नग, चूक शून्य, खाली सही.
"घेतच नसाल, असं म्हणेल कुणी.
म्हणून."

सेंट्रिफ्यूज थांबतं.
वर उरतं पिवळट धुकं.
त्यातून मी उजेड सोडते म्हटल्यावर
ते खुर्चीत पुढे सरकले.
"एकतीस वर्षं हेच केलं मी.
कागद उजेडासमोर धरायचा.
शाई सरकलेली, आकडा तिरका, कडेला केसाएवढी घडी,
की बाजूला.
मग, माझा कागद कसा निघतोय?"

इथे उलटं असतं, काका.
उजेड अडला तर बरं.
धुकं धुकंच राहिलं, म्हणजे प्रत्येक प्लेटलेट सुटी, आपापली.
मी एक थेंब टाकणार, चिथावणीचा.
त्याला भुलून त्या धावल्या, चिकटल्या, घोळका करून बसल्या
तर मधली जागा मोकळी होते,
उजेड आरपार जातो
आणि रेघ चढते.

चढली.
साठ. अडुसष्ट. एकाहत्तरावर टेकली.
मी दुसरी नळी लावून पाहिली. सत्तर.

"गोळी खोटी आहे?"
गोळी खरी आहे. पण ती रोकड नाही, चेक आहे.
यकृताच्या खिडकीवर वटवावा लागतो
आणि तुमच्या खिडकीवरचा कारकून
बहुतेक जन्मापासूनच रजेवर आहे.

"म्हणजे तीन महिने मी इमानदारीत
न वटणारा चेक भरत होतो."
हो.

डॉक्टर कदाचित गोळी बदलतील.
कदाचित म्हणतील, आकडा नळीतला, पाय रस्त्यावरचा,
दोघांचं पटतंच असं नाही,
अजून मोठमोठ्यांचंही यावर एकमत नाही.
मी हे बोलायला नको होतं.
रिपोर्टवर तेवढी जागा नसते.

"ती नळी एकदा दाखवता?"
टोपण घट्ट लावून दिली.
खिडकीशी गेले, एक डोळा मिटला,
हात लांब करून धरली कॅनडा कॉर्नरच्या उन्हात.
पिवळ्यात पांढरे कण, कण्या राहिलेल्या पेजेसारखे.
बराच वेळ बघितलं.
मग जुन्या, ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाले,
"बाजूला."

खाली रस्त्यावर
शिलाई मशीनच्या काचेपाशी ते थांबले.
दुकानदार बाहेर आला, हातवारे करून काही सांगू लागला,
ते मान डोलवत होते.
मी घड्याळ लावलं होतं.
एक मिनिट पन्नास.