दोन हात

साडेचारला एसीच्या खोलीतून बाहेर पाऊल टाकलं
की आधी चष्मा आंधळा होतो.
मग हळूहळू उमटते रम्सची गल्ली,
पिकअप, पिकअपवरची शिडी,
आणि शिडीच्या पायऱ्यांवर ऑगस्टचं पाणी,
कुठूनही न पडलेलं, नुसतं साचलेलं.
इथे त्याला रुतूबा म्हणतात.
मी घाम म्हणून चालवून घेतो.

उम्म राशिदच्या घराचं कुंपण:
लोखंडाचे चौदा पट्टे, एक फाटक,
समुद्र तीन गल्ल्या पलीकडे.
दिसत नाही तो. पण रात्री येऊन
जोड चाटून जातो.
जिथे वेल्डिंग, तिथे पहिला गंज.
दोन तुकडे जिथे एकत्र आणले,
नेमका तिथेच.

आधी गोडं पाणी, वरून खाली.
मीठ गेल्याशिवाय ब्रश लावायचा नाही
हे मी रफीकुलला दरवर्षी सांगतो
आणि तो दरवर्षी "जी उस्ताद" म्हणून
कोरडाच घासायला बसतो.
मग तारेचा ब्रश, मग ऐंशी नंबरचा कागद,
मग डोळे मिटून चाचपणं.
रंगाखाली फुगलेला गंज
बोटाला आधी कळतो,
फणस थापटून कळावा तसा.

पायथ्याशी, बागेची नळी ठिबकते तिथे,
भिंतीला शेवाळ धरलंय.
वाळवंटात शेवाळ!
गावी सांगितलं तर म्हणतील, थापा मारतो.
व्हिनेगर मारून खरवडलं.
जेवताना आमटीलाही तोच वास.

दव वाळेपर्यंत थांबायचं,
लोखंड तापायच्या आत संपवायचं.
मधे उरतो पाऊण तास.
त्या पाऊण तासात रेड ऑक्साइडचा एक हात.
त्याच पाऊण तासावर
माझी एकोणीस वर्षं उभी आहेत.

सातव्या पट्ट्याचा पापुद्रा सोलला:
पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तपकिरी,
आणि तपकिरीत रुतलेला
ब्रशचा एक केस.
माझाच ब्रश. पहिल्या वर्षीचा.
तेव्हा फार घाई असायची.

उम्म राशिद लबनचे दोन पेले घेऊन आली,
खुर्ची ओढून सावलीला बसली.
म्हणाली, मी पोर होते तेव्हा इथे अरीश होतं,
खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण.
वारा आरपार जायचा,
शेजारणीच्या माशाचा वासही.
दोन उन्हाळ्यांत कुजायचं,
मग सगळी गल्ली मिळून नवं बांधायची.
रंगवत नव्हतं कुणी.

मी म्हटलं, आमच्याकडे वई असते.
अरबीत वई सांगता येईना.
हातानंच दाखवल्या निरगुडीच्या काठ्या,
मधे खोचलेल्या करवंदीच्या फांद्या,
आणि पावसाळ्यात रोवलेल्या काठीलाच
फुटणारं पान.
"कुंपणाला पान?"
तिनं दोनदा विचारलं.

असते नव्हे, असायची. हे मात्र सांगितलं नाही.
मे महिन्यात धाकट्यानं वई तोडली,
चिऱ्याचा गडगा घातला, सिमेंटात, पक्का,
माझ्या बाजूला दोन हात सरकवून.
व्हिडिओ कॉलवर त्यानंच दाखवला.
ओळंबा चुकला नव्हता, खोटं कशाला बोलू.
मोबाइल मागे घेत बायको म्हणाली,
"आता येऊन तुम्हीच करा दोन हात."
मी म्हटलं, आवाज तुटतोय.

लोखंडाला दोन हात पुरतात.
पहिला धरून ठेवायला, दुसरा दिसायला.
दुसरा उद्या, दव वाळल्यावर.
रफीकुल विचारतो, आतली बाजूही, उस्ताद?
ती कुणाला दिसते?
मी त्याच्या हातातला ब्रश घेतो
आणि मेंदीच्या झुडपामागे उकिडवा बसतो.

जाताना फाटकाच्या बिजागरीत ग्रीस भरलं.
उघडून पाहिलं, लावून पाहिलं.
आवाज आला नाही.
पुन्हा एकदा उघडून पाहिलं.