तिसरं पातं

देवळातल्या चौथ्या बाकावर जो पंखा आहे
तो मी दिला. अकरा वर्षं झाली.
पेंटरनं अक्षराला चार रुपये घेतले होते.
पहिल्या पात्यावर: कै. मार्थाबाई.
दुसऱ्यावर: यांच्या स्मरणार्थ.
तिसऱ्यावर, जरा ठसठशीत: शडरख रणपिसे, जॉबर.
जॉबर नको, पाळकसाहेब म्हणाले होते.
मी म्हणालो, तीन अक्षरांचे बारा रुपये मी भरतोय.

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
छत्तीस वर्षं बत्तीस माग माझ्या आवाजावर चालले.
तोच आवाज घेऊन रविवारी प्रार्थनेला उभा राहायचो.
प्रभू, मी धूळ आहे, असं म्हणायचो
ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं.

एप्रिल. त्रेचाळीस. नळाला पाचव्या दिवशी पाणी.
आणि नेमकी उपदेशाच्या मधोमध लाईट गेली.
पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला.
लोक पुठ्ठ्यानं, पदरानं वारा घेऊ लागले.
ननवऱ्यांची नात, दुसरीतली,
नवं नवं वाचन आलेलं, मान वर करून
अक्षरं लावू लागली. उलटीकडून लागली.
शडरख. रणपिसे. यांच्या. स्मरणार्थ.
मग मोठ्यानं:
"ओ मम्मी, हे आजोबा कधी वारले?"

हसू आधी गायकांच्या बाकावर फुटलं,
मग पाळकसाहेबांच्याही मिशीत.
मी ताठ बसून राहिलो, मयताला खुर्चीत बसवावं तसा.

घरी कडक भाकरी मोडली,
ताटात नुसता आवाज झाला, घास गेला नाही.
पोरीला द्यायला खरं उत्तर एकच होतं: अजून नाही.
इतके रविवार क्रुसाखाली बसलो
आणि एका अक्षरानं मेलो नाही.

शनिवारी घासलेटची चिंधी घेऊन गेलो.
नाव पुसायचं. गुपचूप.
एस्तेर फरशी पुसत होती.
शिडीवर चढण्याआधी मी दोनदा खोकलो,
चढल्यावर एकदा.
तिनं वर बघितलं नाही.
तेव्हा कळलं, या चिंधीवरसुद्धा
माझं नाव आधीच लिहून झालंय.

पात्यावर धूळ नव्हती.
"दर शनिवारी पुसते की ओ," ती खालून म्हणाली,
"मला वाचता येत नाही,
पण रंग उडू नये म्हणून हळू हात फिरवते.
काय लिहिलंय काका?"

मी फक्त पहिलं पातं वाचून दाखवलं.

"वर आहातच तर कोपऱ्यातलं कोळिष्टक काढा."
काढलं.
"आता तो बाक सरकवा." सरकवला.
"तो नाही ओ, पलीकडचा."
पलीकडचा सरकवला.
चिंधी खिशातच राहिली, पँटला घासलेटचा डाग पडला.
बादलीत पाणी कमी होतं, जपून पिळत होतो.
मग तिनं विचारलं, मार्थाबाई कशा होत्या ओ?
सांगत बसलो. शेंगाचटणी कुटताना
ती कशी शिंकायची, तिथपासून.
बाहेर दिवे लागले तरी सांगत होतो,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
तिच्या गोष्टीत मधे मी आलो नाही.

नाव अजून वरच आहे. खोटं कशाला बोलू,
कधी कधी नजर जाते.
हल्ली मी दारापाशी बसतो, चपलांकडं,
तिथं त्या पंख्याचा वारा पोचत नाही.

परवा पुन्हा लाईट गेली. उपदेश संपता संपता आली.
पाती हलली.
आधी जॉबर गेला, मग रणपिसे,
मग तीही, तिच्या स्मरणासकट,
मग वर नुसतं गोल पांढरं काहीतरी
आणि चौथ्या बाकावर, आईच्या खांद्यावर झोपलेल्या
कुणाच्या तरी लेकराचं जावळ
हलायला लागलं.