उन्हाचं माप

ब्रोकन हिलचा डेस पास्को,
एकतीस वर्षं जमिनीखाली.
आता नातीच्या दाढीवाल्या सरड्यासाठी
ऊन मोजतो.

काचपेटीच्या एका टोकाला चाळीस अंश,
दुसऱ्याला पंचवीस.
मधलं त्याचं त्यानं ठरवावं.
थर्मामीटर दोन; एकट्या यंत्राच्या भरवशावर
खाली कुणी उतरत नसे.

दुकानदार लाल वाळू फुकट देत होता.
नको म्हणाला. पिल्लू गिळतं, पोटात साचत जाते.
साचणं म्हणजे काय, ते खोकल्यानं
वाक्य तोडून सांगितलं.
तळाशी मग न्हाणीघरातल्या उरलेल्या फरश्या,
वर निलगिरीची फांदी, ओव्हनमधून काढलेली.

नळीचा दिवा अजून जळत होता, तरी बदलला.
'डोळ्यांना दिसतं ते ऊन वेगळं, टेगन,
हाडांना लागतं ते वेगळं.'

सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
हा काचेपर्यंत आला, थबकला,
पुढचा एक पाय उचलून
हवेत सावकाश फिरवला.

'टाटा नाही करत तो,' नात म्हणाली,
'मी लहान आहे, मारू नका, म्हणतोय.'

डेसनं आपला हात वर केला,
दोन बोटं कमी असलेला,
आणि तसाच, सावकाश, फिरवला.